गारखेड्यातली बार्लीवाइन

चिपळूणला परतले तेव्हा शेजारच्या सुमनकाकूंनी गॅलरीतूनच विचारलं, "कुठे गं होतीस इतके दिवस?" मी म्हटलं, "संभाजीनगरला. घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, वेरूळची लेणी पाहिली." त्यात खोटं काहीच नव्हतं. मी गेले होते ती बिअरची एक बाटली चाखायला, एवढाच तपशील मी गिळला. तो सांगितला असता तर मी घरात चपला काढेपर्यंत बाजारपेठेत पोचला असता.

पण तुमच्यापासून काय लपवायचं? वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत होते. काकडे सर तिथले मुख्य ब्रूअर, म्हणजे बिअर करणाऱ्या साऱ्यांचे गुरू. नाकानं आणि जिभेनं कसं काम करायचं ते मला त्यांनी शिकवलं. आता मी इकडे आंब्याच्या रसाच्या कारखान्यात तेच करते. डबा फोडायचा, हुंगायचा, चाखायचा आणि थुंकायचं. आधी चढणारं चाखत होते, आता न चढणारं चाखते, एवढाच फरक.

एके दिवशी सरांचा फोन आला. "शुभदा, अमोलची बाटली आलीय. चाखायला पॅनल बसवायचंय. तुला यावंच लागंल."

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, आणि तिथली चांगली नोकरी सोडून ओरेगनमधल्या एका लहानशा ब्रूअरीत बिअर करायला लागला. सरांनी तेव्हा ना कौतुक केलं, ना विरोध. सरांचं सर्वांत मोठं कौतुक म्हणजे "ठीक आहे", आणि तेही अमोलच्या वाट्याला फारसं आलेलं नव्हतं. आता त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं एक बिअर केली होती, अमेरिकन पद्धतीची बार्लीवाइन. नाव वाइनचं, पण जात बिअरची. सातूचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, नेहमीच्या दुपटीनं घालायचं, त्यामुळे ती वाइनइतकी जहाल होते. मग महिनोन् महिने मुरवायची. मूळची ती इंग्रजांची. अमेरिकनांनी तिच्यात हॉप्स ओतले. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं. त्यामुळे ही गुळासारखी गोड आणि तितकीच कडू.

अमोलच्या मालकाचं म्हणणं, फार कडू झालीय, पुढच्या खेपेला हॉप्स कमी कर. अमोल म्हणाला, बाबांना विचारतो, ते म्हणतील तसं करतो. पुढची खेप येत्या आठवड्यात लागणार होती. गावी आलेल्या मित्राच्या हाती त्यानं बाटली पाठवली, आणि शनिवारी सकाळी फोन करतो म्हणून कळवलं.

"पोरानं आयुष्यात पहिल्यांदा कायतरी विचारलंय मला," सर फोनवर म्हणाले. मी त्याच दिवशी रजा टाकली.

गारखेडा, गुरुवार

बसचा प्रवास वगळते. घाट लागला, मान अवघडली, एवढं पुरे.

सरांचं घर संभाजीनगरच्या गारखेड्यात. आमच्या कोकणात पाहुणा आला की आधी "जेवून आलात ना?" असं विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. इथं सरांच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, माझी बॅग हातातून घ्यायच्या आत ताट वाढलं होतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळबट्टी आणि वर तुपाची धार. मी पुरे म्हटलं तर त्यांनी आणखी एक बट्टी कुस्करली.

"खा गं. तुमच्याकडं मोजून वाढत्यात म्हणं."

"मोजून नाही वहिनी, बघून वाढतात."

"तेच की," म्हणून त्यांनी परत तूप घातलं.

मी त्यांच्यासाठी सोडे आणि सुके बोंबील नेले होते. पुडा हातात घेताच वहिनींनी तो लांब धरला, प्रेमानंच, पण लांब. त्यांना मासळी आवडते. आवडते ती शिजल्यावर. अर्धा पुडा खुलताबादला राहणाऱ्या त्यांच्या बहिणीला द्यायचं ठरलं. वेरूळच्या वाटेवरच तिचं घर.

जेवण झाल्यावर सरांनी मला बाटली दाखवली. ती पुस्तकांच्या कपाटात उभी होती. काळी, आखूड मानेची, लाखेनं तोंड बंद केलेली. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही अशी वहिनींना ताकीद होती, कारण बार्लीवाइन गारढोण झाली की तिचा वास मिटतो. मी लेबलवर अमोलचं नाव शोधलं. बारीक अक्षरात, अगदी खाली होतं. सर म्हणाले, "उजेडात नको धरू," आणि बाटली काढून घेतली. पण ठेवताना त्या नावावरून त्यांचा अंगठा फिरला, ते मी पाहिलं.

औरंगपुरा, त्याच संध्याकाळी

पॅनलला तिसरं नाक हवं होतं. ते औरंगपुऱ्याच्या पुढे जुन्या शहरात मिळणार होतं, म्हणून वहिनी आणि मी रिक्षानं निघालो. रिक्षावाल्यानं कुठल्या कुठल्या बोळांतून रिक्षा काढली. एका वळणावर म्हैस, दुचाकी, आम्ही आणि एक वरात असे सगळे समोरासमोर आलो, आणि सगळ्यात समजूतदारपणे म्हैस मागं सरली.

सलीमभाई कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. घराणं अत्तरवाल्यांचं. दारूचा थेंब त्यांनी कधी तोंडाला लावला नाही. पण एकदा पंखा दुरुस्त करायला प्रयोगशाळेत आले आणि शिडीवरूनच म्हणाले, इधर कुछ सड रहा है. खरंच एका नमुन्याला घाण लागली होती. तेव्हापासून सर त्यांना पॅनलला बोलवत. आम्ही चाखायचो, ते नुसतं हुंगायचे, आणि त्यांचं मत आमच्या बरोबरीनं धरलं जायचं. आता ते भावाच्या अत्तराच्या दुकानात बसतात.

"सरांचा हुकूम है तो आना पडता," सलीमभाई म्हणाले. "दो दिन इत्तर बंद. लोगां पूछेंगे, सलीमभाई बीमार है क्या?"

मग त्यांनी आम्हाला नान-कलिया खायला नेलं. इथला नान पिवळा, थाळीएवढा. कलिया म्हणजे मटणाचा लालभडक रस्सा, त्यावर बोटभर तर्री. आमच्याकडे रश्शाला नारळ सांभाळून घेतो. इथं सांभाळून घ्यायला कुणी नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे सलीमभाई खुश झाले. "खाओ, खाओ. कल रात से तो सर खिचडी पे बिठाएंगे."

वेरूळ, शुक्रवार

वहिनी घर घासायला मागे राहिल्या. सर आणि मी त्यांच्या गाडीनं निघालो. थंडी होती म्हणून काचा वर. दौलताबादच्या अलीकडे एका गतिरोधकावर गाडी उडाली, आणि मागच्या सीटवरचा बोंबलांचा पुडा फुटला.

ज्यांनी बंद गाडीत सुके बोंबील अनुभवले नाहीत त्यांना काय सांगू! मी कोकणातली, जन्म त्या वासात गेला, पण मलाही ओढणी नाकाला लावावी लागली. शरमेनं मी अर्धी झाले. सर मात्र शांतपणे गाडी चालवत होते, किल्ल्याकडे बोट दाखवत होते, इथली अंजिरं कशी गोड ते सांगत होते. काच खाली करू का, असंसुद्धा विचारलं नाही. मनात आलं, माणूस किती मोठ्या मनाचा! खुलताबादला वहिनींच्या बहिणीनं गाडीचं दार उघडलं आणि चार पावलं मागे गेली. "अगं बाई! दाजी, गाडीत काय मेलंय?"

"कुठं काय?" सर म्हणाले, आणि एकदम माझ्याकडे बघून हसले. "व्हय व्हय. बोंबील हायेत ते."

कैलास लेण्यासमोर पूर्वी मी नुसती बघत राहायचे. या वेळी माझं लक्ष सरांकडेच जास्त होतं. घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन आम्ही लेण्यापाशी आलो आणि तिखटमीठ लावलेले पेरू घेऊन एका कडेला बसलो. सर एरवी कमी बोलतात. पण त्या दिवशी बोलले.

"अमोल लहान हुता तवा त्याला हितं आणला हुता. मला म्हणाला, बाबा, वरून खाली कोरत आले तर चुकलं तेव्हा काय केलं असंल? मी म्हणलं, गप चल." पेरूची फोड हातातच राहिली होती. "चांगला प्रश्न हुता गं तो. मी कधी उत्तरच दिलं नाय त्याला कशाचं. आता ह्याचं तरी नीट द्यायचंय."

"द्याल की सर. तुमच्यासारखं नाक आहे कुणाकडे?" मी म्हटलं.

सरांनी पेरू कागदात गुंडाळला आणि उठले. मला वाटलं, बोलल्याचा संकोच झाला.

पुन्हा गारखेडा, शनिवार

पॅनल सकाळी बसतं. जेवणाच्या जरा आधी, पोटात भूक असताना, कारण तेव्हा जीभ खरं बोलते. सरांच्या घरात त्या सकाळी फोडणी नाही, उदबत्ती नाही, डोक्याला तेल नाही, वासाचा साबण नाही. वहिनींनी देवाला नुसतं पाणी घातलं आणि हात जोडून म्हणाल्या, "आजच्या दिवस तूबी सांभाळून घे बाबा."

सलीमभाई वेळेवर आले. अत्तराच्या वासाविना ते कसेसेच वाटत होते. सरांनी आतल्या खोलीतल्या कपाटातून सहा नाजूक ग्लास काढले, खाली निमुळते, वर ट्युलिपसारखे मिटलेले. अमोलनंच मागे कधी आणले होते. वहिनी ते धुवायला उठल्या तर सर म्हणाले, "हात लावू नको. साबण लागला की फेस मरतो." कोऱ्या फडक्यानं त्यांनी तीन ग्लास स्वतः पुसले, लाख फोडली आणि ओतायला घेतलं.

रंग बघून मी सुखावले. दाट तांबूस, उन्हात धरल्यावर काकवीसारखा. फेस थोडा, पण ग्लासच्या कडेला चिकटून राहणारा. आमच्या पॅनलचा एक नियम होता. सगळ्यांनी चाखून ग्लास खाली ठेवल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मग सर्वांत धाकट्यानं आधी बोलायचं, सरांनी शेवटी, म्हणजे कुणी त्यांच्या होला हो मिळवणार नाही. मी ग्लास नाकाशी नेला.

डांबरगोळी. दुसरं काही नाहीच. आजीची ट्रंक उघडल्यावर यायचा तो वास. एवढ्या लांबून आलेली अमोलची बाटली, आणि खराब निघाली! हे सरांसमोर बोलायचं कसं? मी चोरून सलीमभाईंकडे पाहिलं. त्यांनी ग्लास केव्हाच खाली ठेवला होता आणि ते माझ्याचकडे बघत होते.

सर्वांत धाकटी मीच, आधी बोलायची पाळी माझी होती. मी म्हटलं, "सर, मला जरा वेळ द्या."

सरांनी ग्लासात नाक घालून लांब श्वास घेतला, डोळे मिटले, आणि नियम मोडून आधी बोलले. "सुगंध लई साफ हाय. ठीक आहे. चांगलं ठीक आहे."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग सलीमभाईंनी हळूच सरांच्या हातावर हात ठेवला. "सर, बुरा नक्को मानो. गिलासां में डांबरगोळी की बू आ रई. बियर का कुछ नहीं. गिलासां की है."

"तरी मी धूत हुते!" वहिनी म्हणाल्या. "साड्यांच्या कपाटातनं काढलेत ते!"

सरांनी ग्लास परत नाकाशी नेला. एकदा, दोनदा. खाली ठेवला. "येतीय का?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. "मला नाय येत," सर म्हणाले. "कशाचीच नाय येत."

आणि मग वहिनींचा बांध फुटला. दिवाळीच्या आधी साधा ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल, नाहीतर नाही. "परवा दूध जळून कोळसा झालं, हे गॅसपाशीच उभे. कळलं नाय. मला शपथ घातली, कुणाला बोलायचं नाय म्हणून. ह्या नाकावर घर बांधलं त्यांनी, शुभदा. कुठल्या तोंडानं सांगायचं?"

गाडीतले बोंबील मला आता समजले, आणि कैलासासमोर मी काय बोलून गेले होते तेही. मला फार वाईट वाटलं. हा माणूस बाटलीचं बूच न उघडता आतली खेप ओळखायचा असं आम्ही नव्या मुलांना सांगायचो, आणि त्यातलं निम्मं खरं होतं.

"म्हणून तुम्हा दोघांना बोलावलं," सर म्हणाले. "तुम्ही वास सांगा, मी त्याला माझा म्हणून सांगतो. फोन येईल आता."

मला त्यात काही गैर वाटलं नाही. आपल्या माणसासाठी एवढं तर कुणीही करेल. वहिनींनी उरलेले तीन ग्लास कढत पाण्यानं खळखळून धुतले, पंख्याखाली वाळवले, आणि मी नव्यानं ओतलं. या वेळी ती बार्लीवाइन मोकळेपणानं बोलायला लागली. आधी संत्र्याची साल, तीही बोटानं दाबून रस उडवलेली. मागून राळेचा उग्र वास. त्याच्याखाली मनुका, आणि सगळ्यात तळाशी गुळाची ढेप. घोट घेतला तर तो पाण्यासारखा पळत नव्हता, जिभेवर बसला. गोडी पसरली, मग मेथीच्या दाण्यासारखा कडूपणा आला आणि गेलाच नाही. गिळल्यावर छातीपर्यंत ऊब. दारूची धग अजून थोडी टोचत होती. मुरायला वेळ हवा होता. पण माझ्या हातात कितीतरी नमुने येऊन गेलेत, आणि हा त्यातल्या मोजक्या चांगल्यांपैकी होता. अमोलचा मला अभिमान वाटला.

सलीमभाई म्हणाले, "संतरा, लोबान और गुड. बहुत उम्दा. बनाए तो ऐसा इत्तर बिकेगा."

सर परीक्षेला बसल्यासारखे पुटपुटत होते. "संत्र्याची साल, राळ, मनुका, गुळाची ढेप. संत्र्याची साल, राळ..." तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर अमोल. दाढी वाढलेली, मागे अंधारी खिडकी. तिकडे रात्र होती. मी आणि सलीमभाई दिसलो तसा तो हसला, पण लक्ष बापाकडेच. "बाबा, उघडली? कशी वाटली?"

"संत्र्याची साल," सर म्हणाले. "राळ. मग..." ते थांबले. मी ओठांनी मनुका म्हटलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं, आणि मान हलवली. "नाय. थांब अमोल. हे शुभदा आन् सलीमभाईनं सांगितलंय. माझं नाक गेलंय. मला कायच वास येत नाय."

अमोलचा चेहरा उतरला. "कधीपासून? मला का नाही सांगितलं?"

"तू पहिल्यांदा कायतरी विचारलं रे मला. नाक नाय म्हणलं असतं तर परत विचारलं नसतंस."

"बाबा, मी काय तुमच्या नाकाला विचारलं होतं का?" अमोल म्हणाला. "मी तुम्हाला विचारलं."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. सरांनी घसा खाकरला, खुर्ची पुढं ओढली, आणि एकदम आमचे जुने काकडे सर झाले. "बरं. मग ऐक. नाक गेलंय, जीभ हाय. गोड, कडू, धग, जाडी एवढं मला अजून कळतं." त्यांनी मोठा घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि थुंकला नाही, गिळला. अमोल तिकडे श्वास रोखून बसला होता.

"कडू कमी करायचं नाय," सर म्हणाले. "तुझं गोड इतकं जाड हाय की कडू काढलंस तर गुलाबजामचा पाक होईल. हे दोघं एकमेकाला धरून उभे हायेत. धग टोचती, ती मुरल्यावर बसंल. एक वर्ष थांब. मालकाला सांग, काय बदलायचं नाय."

"मालक ऐकणार नाही कदाचित."

"मग सांग त्याला, माझ्या बापानं सांगितलंय. लई चांगली केलीस, अमोल. लई चांगली."

हे दोन शब्द सरांच्या तोंडून मी एवढ्या वर्षांत ऐकले नव्हते. अमोलनंही नसावेत, कारण तो नुसता मान खाली घालून बसला. शेवटी सरच म्हणाले, "आता तू सांग. वास कसा हाय तिचा? माझ्यापुढं काय हाय ते मला कळू दे तरी."

अमोलनं डोळे पुसले. "बाबा, मामाचं गुऱ्हाळ आठवतं? पैठणकडलं. काहील उतरवली की कडेला जळका गूळ राहायचा, आम्ही उलथन्यानं खरवडायचो. तो वास खाली आहे. आणि तुम्ही शेकोटीपाशी बसून संत्री सोलत होता. साली विस्तवात टाकत होता. चरचर वाजायच्या. तो वास वर आहे."

सरांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि नाक आत घातलं. डोळे मिटले. आम्ही तिघं हललो नाही.

"आला," सर म्हणाले.

"खरंच बाबा?"

"आला म्हणतोय ना. तू सांग पुढं. थांबू नको."